तिघांची प्रेमकथा, कमी खर्चात: कागदापासून प्रमाणपत्रापर्यंत

नवोदितांच्या पटकथा वाचणं आणि त्या चित्रीकरणासाठी तयार करून देणं हे माझं काम. अलीकडे त्यांत तिघांच्या नात्यावरच्या रोमँटिक कॉमेड्या वरचेवर येतात. एका घरात राहणारे तीन सज्ञान लोक, तिघांनाही सगळं ठाऊक, कुणी कुणाला फसवत नाही. कल्पना ऐकताना छान वाटते. पण साठाव्या पानाच्या आसपास बहुतेक संहितांमध्ये तिघांपैकी एकजण पाहुणा होऊन जातो. मग त्याला दुबईला नोकरी लागते, त्याचा अपघात होतो, नाहीतर 'तुम्ही दोघं सुखी राहा' म्हणत तो बॅग भरतो.

अशा वेळी लेखक म्हणतात की प्रेक्षक तयार नाही. मला हे पटत नाही. तिसऱ्याचं नातं मुळात लिहिलेलंच नसतं, म्हणून तो गळतो. आणि पटकथेतली ही उणीव पुढे बजेटमध्ये, तालमीत, कॅमेऱ्यात आणि संकलनात प्रत्येक ठिकाणी नव्याने त्रास देते. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. उदाहरणासाठी आपण तीन पात्रं घेऊ: रेवा, तन्मय आणि सुहास. घर कोथरूडमधलं, दोन खोल्यांचं, भाड्याचं.

टप्पा १: नात्याचा आकार ठरवा

'तिघं एकत्र असतात' एवढ्यावर लिहायला बसू नका. आकार तीन असू शकतात आणि प्रत्येकाचा सिनेमा वेगळा होतो.

पहिल्यात रेवा मध्ये आहे. तन्मय आणि सुहास दोघंही तिचे, पण एकमेकांचे प्रेमी नाहीत. तरी रोज सकाळी एकाच बाथरूमच्या दाराशी टॉवेल घेऊन उभे राहतात. दुसऱ्यात तिघंही एकमेकांच्या प्रेमात आहेत. तिसऱ्यात रेवा आणि तन्मय आधीपासूनचं जोडपं आहे आणि सुहास नंतर आला. इथे घरातलं कपाट, गॅसचं कार्ड, शेजाऱ्यांची ओळख, सगळं आधीच्या दोघांचं असतं. सुहासला साधा खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं.

सर्वाधिक घोळ 'तन्मय आणि सुहास यांचं एकमेकांशी नेमकं काय आहे' या प्रश्नावर होतो. त्याचं उत्तर 'नंतर बघू' असेल, तर पहिलं दृश्यही लिहू नका. प्रेक्षक दहाव्या मिनिटाला हाच प्रश्न विचारतो.

तपासा: आकार एका वाक्यात लिहून तिऱ्हाईताला वाचायला द्या. त्याने 'म्हणजे शेवटी ती कुणाची होते?' असं विचारलं, तर तुम्ही प्रेमाचा त्रिकोण लिहिला आहे. वाक्य पुन्हा लिहा.

टप्पा २: चार नाती, प्रत्येकी दोन पानं

तीन माणसं म्हणजे तीन जोड्या, आणि तिघं मिळून चौथं नातं. रेवा–तन्मय, रेवा–सुहास, तन्मय–सुहास आणि त्रिकूट. या चार नात्यांसाठी चार वेगळे कागद घ्या आणि प्रत्येकावर एवढंच लिहा: हे फक्त एकत्रच काय करतात, कशावरून भांडतात, आणि तिसऱ्यापासून काय लपवतात.

रेवा आणि तन्मयची दोन पानं भराभर भरतील. तन्मय–सुहासचं पान चार ओळींवर अडेल. तुमचं खरं काम त्या अडलेल्या पानावर आहे. त्यांना असं काहीतरी द्या जे रेवाशिवाय घडतं. समजा रविवारी मंडईत दोघंच जातात, कारण रेवाला गर्दी सोसत नाही. तन्मय रुपया-रुपयासाठी घासाघीस करतो, सुहास शरमून दोन पावलं मागे उभा राहतो. एका रविवारी तन्मय तापाने घरी पडतो, सुहास एकटा जातो आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी पहिल्यांदाच भाव करतो, तन्मयच्याच शब्दांत. या दृश्यात प्रेमाचा एकही संवाद नाही, पण ते कापलं तर सिनेमा लंगडा होईल. प्रत्येक जोडीला असं निदान एक दृश्य हवं.

तपासा: कोणतंही एक पात्र संहितेतून काढून पाहा. उरलेल्या दोघांकडे बोलायला काहीच उरत नसेल, तर ती जोडी अजून लिहिलेली नाही.

टप्पा ३: पहिल्या मसुद्याआधी कायदा वाचा

पोलीस येतात, तिघांना ठाण्यात नेतात आणि तिथे गोंधळ उडतो, असा प्रसंग मी अनेक संहितांमध्ये वाचला आहे. सज्ञान तिघांनी स्वखुशीने एका घरात राहणं हा आपल्याकडे गुन्हा नाही, त्यामुळे या प्रसंगाला पायाच नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा, जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३७७ चा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला व्यभिचाराचं कलम ४९७ ही गेलं. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण मात्र अजून आहे. तिघांपैकी कुणाचं आधी लग्न झालेलं असेल तर पटकथेला त्याचा उपयोग होऊ शकतो.

गुन्हा आहे तो पहिलं लग्न कायम असताना दुसरं करणं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे शेवटी तिघांचं 'लग्न' लावायचं असेल, तर तो त्यांनी घरच्या घरी केलेला समारंभ आहे, त्याला कायदेशीर अर्थ नाही, हे दृश्यातून कळलं पाहिजे. शिवाय दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या विवाहाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला आहे. 'कोर्टात जाऊन रजिस्टर करू' हा संवाद लिहिण्याआधी हे लक्षात असू द्या.

सावधान: कायद्याने मोकळीक आहे म्हणजे पात्रांना अडचण नाही असं नाही. अडचण घरमालकाची, सोसायटीची आणि आईच्या फोनची आहे. कॉमेडी तिथून काढा.

टप्पा ४: विनोद कुठून येणार ते ठरवा

पलंगावरचे विनोद पहिल्या मसुद्यातून सरसकट काढा. कोण कुठे झोपतं यावर पाच मिनिटं हसता येतं, नव्वद नाही. मराठीत लिहिणाऱ्याकडे त्याहून मोठा साठा आहे.

नात्यांचे शब्द घ्या. आपल्याकडे साडू आहे, जाऊ आहे, विहीण आहे, दोन बायकांसाठी सवतसुद्धा आहे. एकाच बाईवर प्रेम करणारे दोन पुरुष एकमेकांचे कोण, याला शब्द नाही. रेवाची आत्या मुक्कामाला येते, चहाचा कप हातात धरून सुहासकडे बघत तन्मयला विचारते, 'हे तुमचे कोण?' तन्मय गप्प. थोड्या वेळाने आत्याच ठरवते, 'म्हणजे साडूच की.' आणि त्यानंतर घरी येईल त्याला ती सुहासची ओळख साडू म्हणून करून देते. आत्याला मूर्ख करू नका. तिला गोष्ट कळली आहे, तिने फक्त ती बसवायला खुंटी शोधली. ती मूर्ख झाली की हसू येईल, पण घराविषयी काहीच कळणार नाही.

दुसरं हत्यार त्याहून बारीक आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. 'आम्ही जेवून आलो' म्हटलं की ऐकणारा वगळला गेला, 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं की तो आत आला. तिघांच्या गोष्टीसाठी याहून सोयीचं व्याकरण नाही. सुरुवातीला रेवा आणि तन्मय सुहासशी बोलताना 'आम्ही' म्हणतात: 'आम्ही दिवाळीला गावी जाणार आहोत.' पहिला 'आपण' कुणाच्या तोंडी, कोणत्या पानावर येतो, हे तुम्ही ठरवून ठेवा. भांडणात तोच शब्द मागे घेतला जातो. सुहासला कुणी घराबाहेर काढत नाही, त्याच्यासमोर फक्त 'आमचं आम्ही बघू' म्हटलं जातं. नटाला एवढं पुरतं.

आता एक दृश्य जवळून बघा. महाराष्ट्रात घर भाड्याने देण्याचा लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार. बहुतेकजण तो ११ महिन्यांचा करतात. हल्ली एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच येतो. रेवाचा फोटो, अंगठा. तन्मयचा फोटो, अंगठा. सुहास स्वयंपाकघरात पोहे परततोय. एजंट विचारतो, 'तिसरं नाव टाकायचं का? मग बदलता येत नाही, नवीन करार करावा लागतो.' कुणी काही बोलत नाही. पोह्यांचा वास येत राहतो. मग तन्मय आत जातो, गॅस बंद करतो आणि म्हणतो, 'चल, अंगठा दे.' सुहासचा अंगठा तेलकट. यंत्र तीन वेळा नाकारतं. रेवा स्वतःच्या ओढणीने तो पुसते.

या दृश्यात अडचण, हसू आणि नातं एकाच वस्तूतून येतं, ते म्हणजे अंगठा. तुमच्या प्रत्येक मोठ्या दृश्यात अशी एक वस्तू आहे का, ते शोधा.

तपासा: संहितेतल्या प्रत्येक 'आम्ही' आणि 'आपण'खाली दोन वेगळ्या रंगांनी रेघ मारा. पहिल्या आणि शेवटच्या २० पानांत रंगांचं प्रमाण सारखंच दिसत असेल, तर मधल्या पानांत नात्याचं काहीच घडलेलं नाही.

पटकथा पुरी झाली की स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा आणि मगच वाचायला बाहेर द्या. मित्रांमध्ये हा क्रम हमखास उलटा होतो.

टप्पा ५: ब्रेकडाऊन आणि पैसा

साधारण हिशोब असा: एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. ९० पानांची संहिता, दिवसाला ५ पानं, म्हणजे १८ दिवस. बजेट बसत नसेल तर आधी जागा कमी करा, दिवस नंतर. स्पाइक ली यांनी १९८६ साली आलेला आपला पहिला लांबीचा सिनेमा, एक स्त्री आणि तिचे तीन प्रियकर यांच्यावरचा, १२ दिवसांत चित्रित केला होता. तो बहुतांश कृष्णधवल आणि मोजक्या जागांमधला. याच लींनी २०१४ मध्ये त्या सिनेमातल्या बलात्काराच्या दृश्याचा आपल्याला सर्वाधिक पश्चात्ताप होतो, असं जाहीरपणे सांगितलं. घाईतही एखादं दृश्य पुन्हा वाचायला एक संध्याकाळ राखून ठेवा.

ब्रेकडाऊन, म्हणजे चित्रीकरणासाठी दृश्यांची यादी, करताना दृश्यं जागेप्रमाणे लावतात, ते बरोबरच आहे. या प्रकारात आणखी एक रकाना वाढवा: या दृश्यात कोणती जोडी आहे. तीन जोड्या आणि त्रिकूट यांची बेरीज लगेच डोळ्यांसमोर येते. मी पाहिलेल्या एका संहितेत तन्मय–सुहाससारख्या जोडीला ९० पैकी सव्वातीन पानं मिळाली होती. ते चित्रीकरणाआधी कळलं म्हणून दुरुस्त करता आलं.

सावधान: तीन गोष्टी आयत्या वेळी घुसतात आणि महाग पडतात.

मांजर. घर गोड दिसावं म्हणून कुणीतरी सेटवर मांजर आणतं. प्राण्यांच्या चित्रीकरणासाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते आणि सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वेळी ती कागदपत्रं मागतात. परवानगी नसेल तर मांजर नको.

जुनं गाणं. सुहास भांडी घासताना दोन ओळी गुणगुणला तरी शब्द आणि चालीचे हक्क घ्यावे लागतात. मूळ ध्वनिमुद्रण वाजवलं तर त्याचे वेगळे. नाहीतर स्वतःची ओवी रचा.

सिगारेट. गच्चीवर तिघं एकच सिगारेट ओढतात, हे दृश्य फार लिहिलं जातं. मग सिनेमाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर निदान ३० सेकंदांची तंबाखूविरोधी फीत आणि त्या दृश्यावर खाली इशारा द्यावा लागतो. तिघांना एकच आइसकांडी द्या. ती वितळते, हा फायदाही आहे.

टप्पा ६: कलाकार आणि तालीम

ऑडिशन एकेकट्याची घेऊन थांबू नका. शेवटच्या फेरीत तिघांना एकत्र बोलवा आणि प्रत्येक जोडीला एकेक दृश्य वाचायला द्या. दोन पुरुष कलाकारांना एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलता येत नसेल, सतत रेवाकडे वळत असतील, तर नटमंडळी कितीही गुणी असली तरी ही निवड बदला.

जवळिकीच्या दृश्यांबाबत कामाचा क्रम मोडू नका:

१. करार करण्याआधी ती दृश्यं शब्दशः वाचायला द्या. 'थोडं रोमँटिक आहे' असं तोंडी सांगणं पुरत नाही.
२. कुठे स्पर्श चालेल, कुठे नाही, कोणते कपडे असतील, हे लेखी घ्या. प्रत्येकाचं वेगळं. तिघांपैकी दोघांनी होकार दिला म्हणजे तिसऱ्याचा होत नाही.
३. हालचाल नाचासारखी मोजून बसवा. शक्य असेल तर इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे अशी दृश्यं सुरक्षितपणे बसवून देणारी व्यक्ती, घ्या, आपल्याकडे आता ते काम करणारे लोक आहेत.
४. त्या दिवशी सेटवर गरजेपुरतीच माणसं ठेवा. मॉनिटर झाका, मोबाइल बाहेर.
५. होकार सेटवरही मागे घेता येतो, हे तालमीतच सगळ्यांसमोर सांगा.

१० किंवा जास्त माणसं काम करत असतील तर लैंगिक छळविरोधी कायदा, २०१३ प्रमाणे अंतर्गत समिती लागते. आपलं युनिट छोटं, घरच्यासारखं आहे, असं म्हणून ती टाळतात. घरच्यासारख्या वातावरणात तक्रार करणं जास्त अवघड जातं, म्हणूनच ती हवी. समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन कॉलशीटवर, म्हणजे दिवसाच्या कामाच्या पत्रकावर, छापा.

टप्पा ७: चित्रीकरण

दोघांच्या संवादाला एक मास्टर (सगळं दृश्य एकत्र दाखवणारा शॉट) आणि दोन क्लोज (एकेकाचा चेहरा), म्हणजे तीन सेटअप (कॅमेऱ्याच्या मांडण्या) पुरतात. तिघांसाठी तेच करायचं तर एक मास्टर, तीन क्लोज आणि तीन जोड्यांचे तीन टू-शॉट (एका चौकटीत दोघं): सात. एका सेटअपला २५ मिनिटं धरली तर एकाच दृश्याला जवळजवळ तीन तास. १२ तासांच्या शिफ्टमध्ये जेवण वगळता अशी चार दृश्यं निघणंही कठीण. वेळापत्रक दोघांच्या हिशोबाने लावलेलं असतं आणि तिसऱ्याच दिवशी ते कोसळतं. वेळ संपला की क्लोज कुणाचा राहतो? तिसऱ्याचा. पटकथेत टाळलेली चूक अशी कॅमेऱ्यातून परत येते.

यावर उपाय म्हणजे हालचाल. तिघांना डायनिंग टेबलाभोवती बसवू नका, उभं करा. सुहास ओट्याशी, रेवा फ्रिज आणि ओट्याच्या मध्ये, तन्मय दाराच्या चौकटीत. कुणी पाणी घ्यायला दोन पावलं टाकली की त्याच शॉटमध्ये एक जोडी मोडते आणि दुसरी बनते. तीन टू-शॉट एका मास्टरमध्ये मिळाले. उरला वेळ तिन्ही क्लोजना द्या, आणि ते घेताना रोज क्रम बदला. कायम शेवटी ज्याचा क्लोज येतो तो थकलेला दिसतो.

नजरेच्या दिशा कागदावर काढून ठेवा. तिघांमध्ये तीन रेषा तयार होतात. रेवा तन्मयकडे बघतेय की सुहासकडे, हे क्लोजमध्ये कळलं नाही तर अख्ख्या दृश्याचा अर्थ बदलतो, आणि हे संकलनात दुरुस्त होत नाही.

आवाजासाठी तिघांनाही वेगळे माइक द्या. कॉमेडीत माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. पंखा आणि फ्रिज बंद करा. फ्रिज बंद केलात की निर्मिती व्यवस्थापकाच्या गाडीची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचा राहत नाही. घरमालकाचं दूध नासलं तर दुसऱ्या दिवशी जागा मिळत नाही.

तपासा: पॅकअपआधी शॉट्सची नोंद ठेवणाऱ्या स्क्रिप्ट सुपरवायझरला एकच प्रश्न विचारा: आज कुणाची प्रतिक्रिया राहिली?

टप्पा ८: संकलन

पहिला कट बोलणाऱ्याच्या तोंडावर बांधला जातो. दुसऱ्या कटमध्ये ऐकणाऱ्याकडे या. दोघं भांडत असताना गप्प असलेला तिसरा काय करतोय, यावर या प्रकारातला निम्मा विनोद अवलंबून असतो.

मग दहा-बारा अनोळखी लोकांना दाखवा. आवडला का, हे विचारू नका. 'कोणत्या ठिकाणी तुम्हाला तिघांपैकी कुणाचा तरी विसर पडला?' असं विचारा. तीन जणांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर तिथे परत जा. लांबी कमी करताना जोड्यांचा तो रकाना पुन्हा उघडा, कारण कात्री आधी मंडईच्या दृश्यावर चालते.

टप्पा ९: प्रमाणपत्र आणि महोत्सव

चित्रपटगृहासाठी सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवंच, अर्ज ऑनलाइन होतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या) वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत, वर प्रौढांसाठीचा ए. कोणता वर्ग चालेल हे संकलनाआधी ठरवा. ए प्रमाणपत्राचा सिनेमा टीव्हीवर दाखवायला वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यामुळे टीव्हीचे हक्क विकायचे असतील तर तो हिशोब आत्ताच करा. ट्रेलरचं प्रमाणपत्र वेगळं. परीक्षण समितीचं म्हणणं पटलं नाही तर पुनरीक्षण समिती, आणि त्यानंतर उच्च न्यायालय. मधलं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं. प्रदर्शनाची तारीख प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय जाहीर करू नका.

महोत्सवांसाठी सिनेमा कुठेही जाहीरपणे इंटरनेटवर टाकू नका, अनेक महोत्सव पहिल्या प्रदर्शनाची अट घालतात. नोव्हेंबरात गोव्याला इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, जोडीने फिल्म बाजार (आता वेव्हज फिल्म बाजार) भरतो. अपुरा कट घेऊन जायचं ते ठिकाण आहे. मुंबईतला कशिश (एलजीबीटीक्यू चित्रपटांचा महोत्सव) आणि जानेवारीतला पुण्याचा पिफ (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) यांच्या अर्जांच्या तारखा आधीच वहीत लिहून ठेवा.

अर्जासोबत इंग्रजी सबटायटल्स लागतात, आणि ती शेवटच्या रात्री कुणाला तरी देऊन उरकली जातात. या सिनेमात ते चालणार नाही. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' दोन्हींना 'वी' हा एकच शब्द आहे. सुहासला वगळणारं आणि त्याला आत घेणारं वाक्य पडद्याखाली अगदी सारखं दिसेल. सबटायटल करणाऱ्याजवळ बसा, दोन रंगांच्या रेघा मारलेली ती संहिता समोर ठेवा, आणि प्रत्येक रेघेपाशी थांबून 'आम्ही दोघं' की 'आपण तिघं' हे इंग्रजीत उघड लिहून घ्या. ९० मिनिटांच्या सिनेमाला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस वेळापत्रकात पहिल्यापासून धरा.